चार काडेपेट्यांचा रस्ता

पाऊस गेला की आमच्या इंदिरानगरात रस्ते खणायचा हंगाम सुरू होतो. यंदा आमच्या गल्लीचा नंबर लागला. पाइप टाकून झाले, चर बुजवला आणि वर जी माती पसरून ठेवली तिचं ऑक्टोबरच्या उन्हानं आठवड्याभरात पीठ केलं. शेजारीपाजारी वैतागलेत. खिडक्या लावून घेतात, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतात, नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडतात. मी काल दुधाची पिशवी आणायला निघाले आणि गल्लीच्या मधोमध वाकून त्या मातीची चिमूट उचलली. बोटांत चोळून पाहिली. मऊ, कोरडी, शेवटी किंचित करकर. फुफाटा. खाली मुरूम असणार. मग माझ्या डोक्यात नेहमीचा प्रश्न उभा राहिला, की हिच्यावर कुठलं चाक चालेल?

समोरच्या वहिनींनी फाटकातून विचारलं, काही पडलं का म्हणून. नाही म्हटलं आणि हात झटकले. आता त्यांना काय सांगणार? माती दिसली की चाक आठवावं, हा काही शहाण्या बाईचा छंद नव्हे. पण माझ्या आयुष्यातला एक सबंध हंगाम, दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंतचा, याच प्रश्नात गेला होता. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा घेतलेली सायकल अजून अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घरी जिन्याखाली उभी आहे. कोणी चालवत नाही. अण्णा मात्र दर रविवारी तिच्यात हवा भरतात आणि टायर अंगठ्यानं दाबून पाहतात. मी लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे तो पंपाचा आवाज मला ठाऊक आहे.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी मला लागली होती, एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या दोघाचौघांवर माझा राग आहे आणि बाकीच्यांवर माया आहे, उगाच सगळ्यांना एका नावात कोंबायला नको. शाळेला धड अशी एकच खोली होती, त्यामुळे वर्ग दोन पाळ्यांत भरत. माझी सकाळची पाळी, साडेसातची. अण्णा सातपूरच्या कारखान्यात होते, त्यांना ‘पाळी’ हा शब्द फार आवडला. म्हणाले, म्हणजे तू फर्स्ट शिफ्टला आहेस.

फर्स्ट शिफ्टची अडचण अशी, की पहिली एसटी फाट्यावर सव्वासातला पोचायची आणि फाट्यापासून पुलावरून वळसा घालून गाव चार किलोमीटर. जून ते सप्टेंबर मी रोज आठ वाजता चिखलानं माखलेली साडी सावरत वर्गात शिरत होते. मुख्याध्यापकांना सगळं गाव गुरुजी म्हणे. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळापुढे त्यांना कोणी दिसत नसे. दसऱ्याच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “बाई, दिवाळीपर्यंत मी गप्प बसतो. पुढं मला शेरा लिहावा लागेल. एक तर गावात राहा, नाहीतर साडेसातला वर्गात दिसा.” माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्या शेऱ्यावर सगळं होतं.

गावात राहायचं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर आले. तीन घरी खोली रिकामी होती, त्यांतल्या दोन घरी आधी गेलो. दोन्हीकडे पाणी दिलं, चौकशी केली, आडनाव विचारलं, आणि आडनाव सांगितल्यावर खोली अचानक कुणाच्या तरी भाच्यासाठी ठेवलेली निघाली. तिसऱ्या दारात अण्णा गेले नाहीत. येताना एसटीत खिडकीबाहेर पाहत बसले. घरी आल्यावर बुद्धमूर्तीसमोर उदबत्ती लावली, जेवले, आणि हात पुसत एवढंच म्हणाले, सायकल घेऊ.

पाऊस संपला की नदीतून जवळची वाट मोकळी होते, हे मला मुलांनी सांगितलं होतं. त्या वाटेनं आमच्या घरापासून शाळा नऊ किलोमीटर. उजाडता उजाडता, सव्वासहाला निघायचं. त्याआधी अंधारात निघायला आईची परवानगी नव्हती. हातात तास-सव्वातास. तेवढ्या वेळात नऊ किलोमीटर बसायला काहीच हरकत नव्हती. मी म्हटलं, कॉलेजातली माझी लेडीज सायकल आहेच की. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अडाणीपणाचं बोलले होते. रस्ता बघितल्याशिवाय चाक कसं ठरवायचं? त्यांना रजा नव्हती. म्हणाले, नमुना आण.

अण्णा कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग मोजायचा, दोन मर्यादांच्या मध्ये बसला तर ‘पास’, नाहीतर ‘रिजेक्ट’. जाडी मोजायचं पोलादी माप, व्हर्निअर, त्यांच्या खिशात सणावारीही असे. घरात मात्र ते ‘पास’ हा शब्द वापरत नसत. आईच्या भाजीला ते ‘चालेल’ म्हणत. माझ्या बारावीच्या निकालालाही ‘चालेल’च म्हणाले होते. ‘पास’ ते कारखान्यातच ठेवून येत असावेत, असं आम्हाला वाटे.

तर मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर नदीच्या वाटेनं पायी परतले आणि येताना चार रिकाम्या काडेपेट्यांत माती भरून आणली. हे करताना मला फार मजा आली, हे कबूल करते. नोकरी जायची वेळ आली होती आणि मी बांधाबांधावर वाकून चिमटीनं माती वेचत होते. पहिल्या पेटीत फाट्याजवळचा मुरूम: तांबूस, खड्यांचा, चावला तर दाताखाली येईल असा. दुसरीत शेतरस्त्याची काळी माती, गाड्यांच्या चाकोऱ्यांत वाळून ढेकूळ झालेली. तिसरीत पाटाच्या कडेचा फुफाटा. तो पेटीत भरताना निम्मा उडाला. चौथीत नदीची वाळू. वाट सरळ नदी ओलांडत नव्हती. समोरचा काठ उंच होता म्हणून पाऊण किलोमीटर पात्रातूनच वर जायची, मग कुठे चढ लागायचा. पाणी घोट्याएवढं, बाकी सगळी वाळू.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी वर्तमानपत्रावर चारही नमुने मांडले. कारखान्यातलं भिंग डोळ्याला लावलं. काळ्या मातीवर पाण्याचे दोन थेंब टाकून ती बोटाला कशी चिकटते ते पाहिलं. मुरमाचे खडे वेगळे काढून मोजले. फुफाट्यावर हळूच फुंकर मारली आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. वाळूशी ते सगळ्यात जास्त वेळ खेळले. ती मुठीत धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, हिला धरायला काही नाही. मी त्यांच्या शेजारी बसून तेच करून पाहिलं. आपण रोज ज्याच्यावरून चालतो ते इतकं निरनिराळं असतं, हे चोवीस वर्षांत माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं, याचंच मला नवल वाटत राहिलं. शिकवायला निघालेली मी, आणि माती म्हणजे तपकिरी रंगाचं काहीतरी, एवढंच मला येत होतं.

सायकलचं दुकान शहरात, मेन रोडच्या मागच्या गल्लीत. त्या वर्षांत जाड टायरच्या, सरळ दांड्याच्या सायकलींचं नुकतंच वेड आलं होतं. कॉलेजची मुलं त्या घेऊन गंगापूर रोडला हिंडत. आम्ही गेलो तेव्हा दुकानदार शेठनं माझ्याकडे पाहून आपण होऊन पुढे टोपली असलेली गुलाबी सायकल काढली. अण्णांनी खिशातून चार काडेपेट्या काढून काउंटरवर ओळीनं मांडल्या. शेठला वाटलं, यांना बिडी ओढायची आहे. त्यानं बाहेर बोट दाखवलं.

मग जे झालं ते मी पुढे वर्गात कितीदा तरी गोष्ट म्हणून सांगितलं आहे. अण्णा पेटी उघडत, चिमूट तळहातावर घेत आणि सायकलला प्रश्न विचारत. गुलाबी सायकलच्या मडगार्डमध्ये त्यांनी करंगळी घालून पाहिली, ती गेली नाही. ओली काळी माती इथे अडकली की चाक जाम. रिजेक्ट. मग शेठनं पुढच्या बाजूला स्प्रिंग असलेली महागातली काढली. अण्णांनी ती दोनदा दाबली, वर येऊ दिली, आवाज ऐकला. यात वाळू गेली तर? शेठ म्हणाला, धुवायची. रोज? तीही रिजेक्ट. गिअरवाली आणली तर तिच्या साखळीशी लोंबणारा तो लोखंडी सांगाडा पाहून त्यांनी फुफाट्याची पेटी पुढे केली. तेलात ही माती बसली म्हणजे पॉलिश पेपर झाला, म्हणाले, सहा महिन्यांत सगळे दाते खाऊन टाकील. शेठ आधी हसत होता. नंतर तोही काउंटरच्या बाहेर आला आणि वाकून बघायला लागला. तीस वर्षं सायकली विकतोय, पण गिऱ्हाइकानं रस्ता सोबत आणलेला कधी पाहिला नाही, असं म्हणून त्यानं चहा मागवला.

शेवटी कोपऱ्यातली एक निघाली. गिअर नाही, स्प्रिंग नाही. साधी, पण टायर जाड आणि रबराच्या गुट्ट्यांचे. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं सहज जात होती. अण्णांनी टायरची रुंदी मोजली; माझ्या कॉलेजच्या सायकलीच्या दीडपट होती. अडचण एकच. तिला मधली दांडी होती. शेठ म्हणाला, ताई, ही जेन्ट्स आहे. गुरुजींच्या शाळेत बाईंनी साडीच नेसायची, हा नियम. मी म्हटलं, जाताना पंजाबी ड्रेस घालीन, तिथे साडी नेसेन. कुठे नेसेन, ते मला माहीत नव्हतं. अण्णांनी मला दांडी पायांत घेऊन उभं राहायला सांगितलं, टाचा टेकतात का पाहिल्या. दांडीवर जांभळ्या विजेचं एक भयंकर चित्र होतं. “चालेल,” अण्णा म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत चाचणी. त्या तीन सकाळी मला अजून वासासकट आठवतात. फाट्याला द्राक्षाच्या नुकत्याच छाटलेल्या बागा, खाली पडलेल्या काड्यांचा हिरवट वास. पुढे कांद्याच्या रोपांना पाणी दिलेलं. थंडी कोवळी, फक्त कानांना लागणारी. मी पुढे, अण्णा मागे आपल्या जुन्या काळ्या सायकलीवर, कॅरिअरला पंप बांधलेला, एका हातात घड्याळ. मुरमावर नव्या टायरचे गुट्टे गुरगुरले. काळ्या मातीच्या चाकोऱ्यांवरून सायकल बकरीसारखी उड्या मारत गेली. फुफाट्यात तर गंमतच झाली, आवाजच बंद. चाक कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते ते कळेना. तीन पेट्या आम्ही जिंकल्या होत्या. मग नदी आली.

वाळूत शिरल्यावर पुढचं चाक दहा हात गेलं आणि आपण होऊन डावीकडे वळलं. मी वळले नाही. मी सरळ गेले आणि तोंडावर पडले. अण्णांनी सीट खाली केली. पुन्हा पडले. हँडल वर केलं. पडले. मग त्यांनी टायर अंगठ्यानं दाबला, कपाळाला आठी घातली आणि पंप सोडला. हवा कमी वाटते, म्हणाले. आमच्या घरात ढिला टायर म्हणजे न विंचरलेलं डोकं. बावीस वर्षं अण्णा सातपूरला सायकलनं गेले. रोज निघण्याआधी दोन्ही टायर दगडासारखे कडक, तरच पायडलवर पाय. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत हवेचा आकडा लिहिलेला असतो, तो त्यांनी चष्मा लावून वाचला आणि तिथवर भरली. मी पडले. त्यांनी आणखी दोन झटके मारले. मी आणखी लवकर पडले. शेवटी पाऊण किलोमीटर ढकलत नेली. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या वहीत लिहिलेला वेळ होता एक तास पंचवीस मिनिटं. दहा मिनिटं जास्त. त्यांची रजा संपली होती. घड्याळ खिशात ठेवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, अजून दोन दिवस आहेत. त्यांच्या गुडघ्यांना वाळू लागली होती, ती झटकायचंही त्यांना सुचलं नाही.

चौथ्या दिवशी मी एकटी गेले. चढाजवळ एका फूलवाल्या कुटुंबाचा झेंडूचा मळा होता. सुंदराबाई नावाची पन्नाशीची बाई तीन दिवस तिथून आमची सर्कस बघत होती. पुरुषमाणूस बरोबर असल्यामुळे बहुधा काही बोलली नव्हती. आज मी एकटी पाहून कमरेवर हात ठेवून काठाशी आली.

“बाई, तुमचं चाक टाचंवर चालतंय,” ती म्हणाली.

मला कळेना. तिनं चपला काढल्या, वाळूत उतरली आणि टाचांवर चार पावलं चालून दाखवली. टाचा खोल रुतल्या. मग सगळं पाऊल टेकवून चार पावलं चालली. रुतली नाही. मागे वळून मला दोन्ही ठसे दाखवले. “सगळा पाय टेकला का नाय रुतत. लय कडक हाय तुमचं चाक. जरा हवा सोडा की. आमचे मालक गाडीवर फुलांच्या पाट्या घालून नदी वलांडत्यात, तवा सोडत्यात.”

अण्णांनी भरलेली हवा सोडायची. माझा हात खरंच अडखळला. मी व्हॉल्व्हचा नट अर्धा आटा सैल केला, सू करून हवा निघाली, आणि किती सोडायची ते माहीत नसल्यामुळे मी घाबरून मोजायला लागले. अकराला नट घट्ट केला. मग मागचं चाक, तेही अकरा. टायर खाली थोडा पसरला. त्याला पाऊल आलं. मी बसले. सायकल डगमगली, वळवळली, पण गेली. वाळू टायरखाली दबल्याचा नुसता एक बारीक आवाज येत होता. चढाशी उतरून मी मागे पाहिलं. कालच्या घळीशेजारी आजचा रुंद, उथळ पट्टा होता आणि त्यात गुट्ट्यांची सगळी नक्षी उमटली होती. मी परत गेले आणि पुन्हा आले. असं चार वेळा. गरज नव्हती, पण बघतच राहावंसं वाटत होतं.

सुंदराबाईनं मला झोपडीत नेऊन पाणी दिलं. मी साडीची अडचण सांगितली. इथं नेसत जा की, ती म्हणाली, आणि मग तिनं आडनाव विचारलं. मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि आडनाव सांगितलं. तिनं मान हलवली. साडी दोरीवर टाकू का पेटीत ठिवू, वाळूनं खराब व्हईल, एवढंच ती बोलली. त्या झोपडीत मी पुढे तीन वर्षं साडी नेसले. तिथे आरसा नव्हता. निऱ्या नीट आल्या का ते सुंदराबाई सांगायची.

दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी मी सात बावीसला वर्गात होते. गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बाहेर भिंतीला टेकवलेल्या जांभळ्या विजेकडे. दुसऱ्या दिवशी सात वीस.

आता खरी गोष्ट. अण्णांना मी सांगितलं नाही. जमायला लागलं, एवढंच म्हटलं. परतताना फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे थोडी हवा भरून घ्यायची, कारण डांबरावर ढिलं चाक ओढत नाही. पण तो काही अण्णा नव्हे. संध्याकाळी अण्णा अंगठा लावायचे आणि म्हणायचे, उतरलेली दिसते. पहिल्या दिवशी नुसती भरली. दुसऱ्या दिवशी ट्यूब काढून न्हाणीघरातल्या बादलीत बुडवली. इंच इंच पाण्यातून फिरवली. बुडबुडा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बादली, या वेळी भिंग घेऊन. चौथ्या दिवशी नवी ट्यूब. पाचव्या दिवशी नव्या ट्यूबचीही बादली. मी दारात उभी राहून बघायची आणि सांगायचं ठरवून आत निघून जायची.

का सांगितलं नाही? त्याच हिवाळ्यात त्यांच्या खात्यात आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं होतं. भाग ठेवला की यंत्रच सांगायचं, पास की रिजेक्ट. अण्णा जेवताना कौतुकानं त्याच्याबद्दल बोलत आणि मग अंगठ्यानं ताटाची कड चाचपत बसत. ज्यांच्या अंगठ्याला सबंध खातं मानायचं, त्यांना मी सांगणार की तुमचा अंगठा चुकला, आणि झेंडूवाल्या बाईनं बरोबर सांगितलं? माझ्यानं ते झालं नाही. आठवड्याभरानं बादली आपोआप बंद झाली. थकले असतील, असं मला वाटलं. रोज संध्याकाळी ते निमूट दगडासारखी हवा भरत, आणि रोज सकाळी मी नदीकाठी ती अकरापर्यंत सोडत असे. मार्चमध्ये गुरुजींनी शेरा लिहिला. एकच शब्द: नियमित. माझी नोकरी कायम झाली. अण्णांनी तो कागद भिंग लावून वाचला, एका शब्दासाठी.

मागच्या वर्षी स्कूटरवरून त्या बाजूला गेले होते. आता त्या जवळच्या वाटेवरही पूल झाला आहे. नदी ओलांडायला अर्धं मिनिट लागतं आणि खाली वाळू आहे की नाही ते कळतही नाही. झेंडूच्या मळ्यात बंगले आहेत. सुंदराबाई मुलाकडे देवळ्याला असते असं कोणी म्हणालं. पुलावर थांबून मी खाली वाकून पाहिलं, तर मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला.

काल संध्याकाळी मी गल्लीतला तो फुफाटा कागदात घेऊन अण्णांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी चिमूट चोळली. “फुफाटा. खाली मुरूम,” म्हणाले. आणि मला एकदम वाटलं, आता पुरे. सांगून टाकलं. म्हटलं, अण्णा, त्या वर्षी हवा मी सोडायचे. वाळूसाठी.

ते चोळतच राहिले. “माहीत आहे,” म्हणाले. “व्हॉल्व्हच्या आट्यात वाळूचे कण होते. भिंगाखाली घातले. चौथ्या पेटीतली वाळू. नट कोणी उघडल्याशिवाय ती आत जात नाही.”

बारा वर्षं मी ज्यांना जपत होते, त्यांना आठव्या दिवशीच सगळं कळलं होतं. मला हसू आलं. मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

“तू वेळेवर पोचत होतीस,” ते म्हणाले. थोड्या वेळानं कागदाची घडी करत पुढे बोलले, “टायरवर दोन आकडे असतात, सुजू. खालचा आणि वरचा. मी जन्मभर दोन्ही लिमिट बघून माल सोडला. तुझ्या सायकलला तेवढी वरचीच धरली. त्या गावात तुला कशाचीच कमी पडू नये, एवढंच डोक्यात होतं.”

मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या चार पेट्यांच्या रात्रीचं कुतूहल होतं.

“किती सोडायचीस?”

“अकरा मोजेपर्यंत.”

“पुढची का मागची?”

“दोन्ही.”

“मागच्यावर वजन जास्त. मागची कमी सोडायला हवी होती.” ते उठलेच. बारा वर्षं हा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. जिन्याखालून सायकल काढली. रविवारची हवा तशीच होती, दगडासारखी. अण्णा गुडघ्यावर बसले, पुढच्या चाकाचा नट अर्धा आटा सैल केला आणि मोठ्यानं मोजायला लागले. अकराला घट्ट केला. मागच्याला आठलाच थांबले. मग अंगठा लावला, टायर दबला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही.

मी सायकल आमच्या गल्लीत नेली, अण्णा मागोमाग आले, आणि मी दांडीवरून पाय टाकला. फुफाट्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, कसलाही आवाज न करता. माघारी वळून पाहिलं तर अण्णा रस्त्याच्या मधोमध वाकलेले. खिशातून व्हर्निअर काढून ते माझ्या चाकाचा उमटलेला पट्टा मोजत होते. समोरच्या वहिनी फाटकात आल्या आणि त्यांनी विचारलं, काही पडलं का हो?

अण्णांनी पट्टा पुन्हा एकदा मोजला.

“नाही,” ते म्हणाले. “पास आहे.”